बी.ए. करून पुढे काय? रांगेत विचारल्या जाणाऱ्या प्रश्नाचं सावकाश उत्तर

बारावीचा निकाल लागला की आमच्या महाविद्यालयाच्या ऑफिसबाहेर रांग लागते. मुलगी अर्ज भरत असते आणि शेजारी उभे असलेले वडील खिडकीतल्या कारकुनाला हळूच विचारतात, "आर्ट्सला घातलं तर पुढे काय होतं हो?" कारकून अर्जावर शिक्का मारतो. उत्तर द्यायला त्याच्याकडे वेळ नसतो, आणि ते त्याचं कामही नाही.

मी तालुक्याच्या गावात इतिहास शिकवते. हा प्रश्न माझ्यापर्यंत येतो तेव्हा बहुतेक वेळा तिसऱ्या वर्षाची शेवटची परीक्षा संपलेली असते. पहिल्या वर्षीच कुणी नीट समजावून सांगितलं असतं तर, असं मला दर वर्षी वाटतं. म्हणून हा लेख.

प्रश्न छोटा नाही. केंद्र सरकारच्या उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार २०२१-२२ मध्ये देशातल्या पदवीच्या विद्यार्थ्यांपैकी सुमारे ३४ टक्के कला शाखेत होते. विज्ञान १५ टक्क्यांच्या आसपास, वाणिज्य १३, अभियांत्रिकी १२. म्हणजे पदवीला असलेल्या दर तीन मुलांतलं एक कला शाखेत असतं, आणि त्याच मुलाला पुढची वाट सर्वांत कमी सांगितली जाते. त्यातच २०२४-२५ पासून राज्यातल्या सगळ्या संलग्न महाविद्यालयांत नवीन शैक्षणिक धोरण लागू झालं आणि प्रवेश अर्जावर मेजर, मायनर, ओई, व्हीएससी, ओजेटी अशी अक्षरं आली. पालकांना ती परकी वाटतात. खरं सांगायचं तर सुरुवातीला आम्हा शिक्षकांनाही वाटली.

## ही पदवी नेमकी कसली?

नर्सिंग, फार्मसी, आयटीआयचं वेल्डिंग यांच्या नावातच काम लिहिलेलं असतं. शिकून बाहेर पडलेला माणूस काय करणार हे विचारावं लागत नाही. बी.ए.च्या नावात काम लिहिलेलं नाही, आणि सगळा गोंधळ इथून सुरू होतो.

मी मुलांना सांगते, बी.ए. म्हणजे मळलेली कणीक. मळलेली कणीक कुणी ताटात वाढत नाही. पण ती तयार असली की तिची पोळी होते, पुरी होते, अचानक पाहुणे आले तर पराठा होतो. नुसत्या पिठाचं असं होत नाही. मळण्यात मेहनत गेलेली असते. कणकेची आणखी एक गोष्ट घरात सगळ्यांना ठाऊक असते: फार वेळ तशीच झाकून ठेवली तर ती काळी पडते, आंबते.

आपल्याकडे दोन्ही चुका होतात. काही जण कणीक तशीच ताटात वाढतात, म्हणजे नुसतं पदवीचं प्रमाणपत्र घेऊन नोकरी मागायला जातात आणि नकार आला की "आर्ट्सला किंमत नाही" म्हणतात. काही जण ती वर्षानुवर्षं झाकून ठेवतात. दुसऱ्या चुकीबद्दल पुढे सविस्तर बोलू, कारण ती जास्त महागात पडते.

## अर्जावरच्या अक्षरांचा अर्थ

आधी श्रेयांक. हे अभ्यासाच्या तासांचं माप आहे. वर्गातले साधारण १५ तास म्हणजे एक श्रेयांक; प्रात्यक्षिक किंवा कामावरचं शिक्षण असेल तर साधारण ३० तास. तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ श्रेयांक लागतात. ते तुमच्या नावाच्या ऑनलाइन खात्यात जमा होतात. मधेच शिक्षण थांबलं तरी ते लगेच बुडत नाहीत, सात वर्षं टिकतात. पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र आणि दुसऱ्यानंतर पदविका घेऊन बाहेर पडता येतं आणि ठरावीक मुदतीत परत येता येतं. लग्न, आजारपण, वडिलांचं कर्ज अशा कारणांनी ज्यांचं शिक्षण तुटतं, त्यांच्यासाठी ही सोय फार मोलाची आहे. ती घरात माहीत असायला हवी.

मेजर म्हणजे मुख्य विषय, मायनर म्हणजे त्याच्या जोडीचा. ओई, म्हणजे खुल्या निवडीचा विषय, आपल्या शाखेबाहेरचा घ्यावा लागतो. इथे मुलं वेळापत्रक बघतात, मैत्रीण कुठे बसते ते बघतात, "सोपा पेपर" कुठला ते विचारतात. माझं आग्रहाचं सांगणं आहे की हा विषय घेताना जड वाटेल तो घ्या. वाणिज्यकडचा हिशोब, संख्याशास्त्राची तोंडओळख, संगणकाचा एखादा पेपर. ज्या मुलाला इतिहास येतो आणि ताळेबंदही वाचता येतो, त्याच्यासाठी उघडणारी दारं वेगळीच असतात.

व्हीएससी आणि एसईसी हे कौशल्याचे पेपर. आणि ओजेटी म्हणजे प्रत्यक्ष कामावर जाऊन शिकणं: चार श्रेयांक, म्हणजे साधारण १२० तास.

या १२० तासांसारखी वाया जाणारी संधी मी दुसरी पाहिलेली नाही. ओळखीच्या दुकानातून लेटरहेडवर दोन ओळी आणल्या, शिक्का मारला, झालं. हेच तास एखाद्या वकिलाच्या ऑफिसात कागद लावण्यात गेले, तालुका ग्रंथालयाची सूची करण्यात गेले, पतसंस्थेत कर्जाचे अर्ज तपासण्यात किंवा स्थानिक वृत्तपत्राच्या कार्यालयात बातम्यांची टिपणं करण्यात गेले, तर मुलाच्या हातात पहिल्यांदा असं काही येतं, जे परीक्षेच्या गुणांपलीकडचं असतं. प्राध्यापकांनी जागा शोधून द्याव्यात, हे खरं. पण थांबू नका. स्वतः जाऊन विचारा. "कॉलेजकडून पत्र आणलंय, १२० तास फुकट काम करेन, मला शिकवा" असं म्हणणाऱ्या मुलीला नाही म्हणणारा माणूस तालुक्याच्या गावात विरळा.

## तीन वर्षांत हाताला लागतं काय?

"सनावळ्या पाठ केल्या" असं मुलं स्वतःच सांगतात. मला त्याचं वाईट वाटतं, कारण त्यांनी त्याहून बरंच जास्त केलेलं असतं. फक्त त्याला नाव दिलेलं नसतं.

इतिहासाचं उदाहरण घेते, माझा विषय म्हणून. एक बखर आहे, घटनेनंतर शंभर वर्षांनी लिहिलेली. एक पत्र आहे, त्याच आठवड्यात लिहिलेलं. दोन्हींत वेगवेगळं लिहिलंय. कुणावर विश्वास ठेवायचा? आपण विचारतो: हे कुणी लिहिलं, केव्हा लिहिलं, कुणाला खूश करायला लिहिलं, लिहिणाऱ्याला ते कसं कळलं, आणि दुसरा पुरावा काय म्हणतो. आता विमा कंपनीत अपघाताचा दावा तपासणारा माणूस डोळ्यांसमोर आणा. त्याच्या टेबलावर पंचनामा असतो, दवाखान्याचं बिल असतं, नातेवाइकाचा जबाब असतो. तो हेच पाच प्रश्न विचारतो. कर्ज देताना बँकेतला अधिकारी हेच विचारतो. व्हॉट्सअॅपवर फिरणारा व्हिडिओ खरा की खोटा हे तपासणारा पत्रकारही हेच विचारतो. कौशल्य एकच, कागद वेगळे.

समाजशास्त्राच्या मुलाला प्रश्नावली करता येते. ऐकायला किरकोळ वाटतं. पण "तुमच्या घरी शौचालय आहे का?" आणि "आज सकाळी घरातलं कोण कोण शौचालयात गेलं?" या दोन प्रश्नांची उत्तरं एकाच घरात वेगळी येतात. पहिल्याने सरकारी तक्ता भरतो, दुसऱ्याने खरं चित्र कळतं. हा फरक ज्याला समजतो, त्याची गरज आरोग्य सर्वेक्षणाला असते, स्वयंसेवी संस्थेला असते, आणि साबण विकणाऱ्या कंपनीलाही असते.

अर्थशास्त्राच्या मुलीला सरासरीचा सापळा ओळखता येतो: गावात एकाकडे दहा एकर आणि नऊ जण भूमिहीन, तरी सरासरी दर घराला एक एकर निघते. साहित्याचा विद्यार्थी बँकेची नोटीस आजीला समजेल अशी लिहू शकतो, किंवा लिहू शकायला हवा. राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याला ग्रामसभेचा ठराव कुठे अडतो आणि कुणाकडे अपील होतं हे ठाऊक असतं.

मानसशास्त्राबद्दल मात्र एक स्पष्ट सूचना. बी.ए. मानसशास्त्र करून कुणी उपचार करणारा मानसतज्ज्ञ होत नाही. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करायला मान्यताप्राप्त पदव्युत्तर शिक्षण-प्रशिक्षण आणि भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी लागते. दोन महिन्यांचा कोर्स करून "समुपदेशक" अशी पाटी लावू नका. समोरच्या माणसाच्या जिवाचा प्रश्न असतो.

## "पण नोकरी देणाऱ्याला हे कळणार कसं?"

रास्त शंका आहे. गुणपत्रिकेवर "पुरावा तपासता येतो" असं छापलेलं नसतं.

सुतार काम मागायला गेला तर आपण विचारतो, "आधी कुठं काम केलंय?" तो सांगतो, अमक्यांचा दरवाजा बघून या. तुमचाही दरवाजा हवा. कंपन्या त्याला पोर्टफोलिओ म्हणतात. मी मुलांना "कामाची वही" म्हणायला शिकवते. त्यात पाच-सहा गोष्टी पुरतात, पण त्या खऱ्या हव्यात. गावातल्या जुन्या बारवेवर स्वतः जाऊन लिहिलेला चार पानांचा लेख, फोटो आणि मोजमापांसह. चाळीस घरांचं सर्वेक्षण आणि त्याचा तक्ता. एखाद्या इंग्रजी सरकारी परिपत्रकाचं सोप्या मराठीतलं रूप. ग्रामपंचायतीच्या तीन वर्षांच्या अंदाजपत्रकाची तुलना.

यात आणखी एक गोष्ट मिसळावी लागते: मोजता येईल असं एक कौशल्य. एकच, पण नीट. एक्सेलमध्ये हजार ओळींची माहिती लावता येणं. मराठी युनिकोड टंकलेखन वेगात आणि बिनचूक. परदेशी भाषेची एखादी पायरी. कणकेला तवा लागतो, तसं हे.

## वाटा कोणत्या?

सगळ्या वाटा सांगत बसले तर पुस्तक होईल. ज्या मला जवळून माहीत आहेत आणि ज्यांबद्दल चुकीच्या समजुती जास्त आहेत, त्यांच्यावरच थांबते.

कायदा. पदवीनंतर तीन वर्षांचं एल.एल.बी., प्रवेश राज्याच्या सीईटीतून, म्हणजे सामाईक प्रवेश परीक्षेतून. खुल्या गटाला पदवीत किमान ४५ टक्के लागतात, राखीव गटांना सवलत आहे. वकिली करायला पुढे बार कौन्सिलची परीक्षा द्यावी लागते. एल.एल.बी. झाल्या झाल्या न्यायाधीशाची परीक्षा देऊ असं ठरवणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशपदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा लागू केली आहे. म्हणजे ही वाट आता सहा वर्षांची धरा. वाट चांगलीच आहे. कला शाखेच्या मुलांना वाचायचा कंटाळा नसतो, आणि कायद्यात निम्मं काम वाचण्याचंच असतं.

शिक्षकी. इथे जुन्या माहितीवर फार मुलं फसतात. बी.एड. दोन वर्षांचं आहे. पण ऑगस्ट २०२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर पहिली ते पाचवीला शिकवायला बी.एड. चालत नाही, तिथे डी.एल.एड., म्हणजे प्राथमिक शिक्षणाची पदविका, लागते. आठवीपर्यंतच्या वर्गांसाठी टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, उत्तीर्ण व्हावं लागतं, आणि भरती अभियोग्यता चाचणीच्या गुणांवर शासनाच्या पवित्र पोर्टलमधून होते. कुणी "एवढे लाख भरा, संस्थेत चिकटवतो" म्हणालं तर घरची जमीन विकण्याआधी हे वाक्य पुन्हा वाचा.

भाषा. ही वाट मला सर्वांत श्रीमंत वाटते आणि सर्वांत दुर्लक्षित. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ ला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा पेढे वाटले गेले. पण रोजच्या कामात मराठी कुठे लागते ते बघा: औषधाच्या पाकिटातली माहिती, बँकेच्या अॅपवरची वाक्यं, शेती कंपनीचं हेल्पलाइनवरचं संभाषण, ओटीटीवरच्या मालिकेची उपशीर्षकं आणि डबिंग, न्यायालयातली कागदपत्रं. मुंबई उच्च न्यायालयात, शासनाच्या भाषा संचालनालयात अनुवादकांची पदं असतात. खासगी कामात बहुतेक वेळा शब्दाच्या हिशोबाने पैसे मिळतात. इथे लागणारी गोष्ट म्हणजे दोन्ही भाषांवर सारखी पकड. मराठी माध्यमातल्या मुलांची मराठी भक्कम असते आणि इंग्रजी वाचनाची भीती असते. इंग्रजी माध्यमातल्यांचं उलटं. ज्याने आपली लंगडी बाजू दोन वर्षांत सुधारली, त्याला काम शोधावं लागत नाही. परदेशी भाषेचंही तसंच. जपानीच्या परीक्षेला एन ५ पासून एन १ पर्यंत पायऱ्या आहेत, जर्मनला ए १ पासून सी २ पर्यंत. पहिल्या दोन पायऱ्यांवर थांबलेल्यांना कामं मिळत नाहीत. तिसरी गाठली की पुण्यासारख्या शहरात दारं उघडायला लागतात. पहिल्या वर्षी सुरुवात केली तर पदवी हातात येईपर्यंत तिथवर पोहोचणं शक्य आहे.

मोडी. माझ्या जिव्हाळ्याचा विषय, त्यामुळे थोडी जागा घेते. आपल्याकडचे शेकडो वर्षांचे महसूल, वतन, देवस्थान आणि खासगी व्यवहार मोडी या जुन्या लिपीत लिहिलेले आहेत. पुण्याच्या पुराभिलेखागारातलं पेशवे दफ्तर हा तर मोडी कागदांचा सागर. पण ही लिपी वाचणारी माणसं मूठभर. २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीसाठी जिल्ह्याजिल्ह्यांतून जुन्या कुणबी नोंदी शोधायचं काम निघालं, तेव्हा सगळ्यांना अचानक जाणवलं की कागद आहेत, वाचणारे नाहीत. तहसीलच्या अभिलेख कक्षात गठ्ठे सोडून बसलेल्या मोडी वाचकांवर कितीतरी कुटुंबांची प्रमाणपत्रं अवलंबून होती. पुराभिलेख विभागाकडून मोडीचं प्रशिक्षण मिळतं. अक्षरओळख काही आठवड्यांत होते. वेगवेगळ्या हातांची वळणं वाचायला वर्ष-दीड वर्ष सराव लागतो. जमिनीच्या वादात, जातपडताळणीत, संशोधनात हे काम निघत राहतं. फक्त यावर घर चालेल असं मी म्हणणार नाही. पण वकिली, पत्रकारिता किंवा ग्रंथालयशास्त्राच्या जोडीला मोडी असेल तर त्या माणसाला पर्याय सापडत नाही.

भूगोलवाल्यांसाठी नकाशा. जीआयएस हे नाव ऐकून घाबरू नका. पारदर्शक कागदावर एकात रस्ते काढले, दुसऱ्यात विहिरी, तिसऱ्यात गटांच्या सीमा, आणि तिन्ही एकावर एक ठेवून बघितले, तर जे दिसतं ते संगणकावर करणं म्हणजे जीआयएस. त्यासाठीचं क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर फुकट आहे, आणि डेहराडूनची भारतीय सुदूर संवेदन संस्था ऑनलाइन मोफत अभ्यासक्रम घेते. गावठाणं ड्रोनने मोजणारी स्वामित्व योजना २०२० मध्ये आली; पाणलोट, पीक विमा, नगररचना, सगळीकडे नकाशा लागतो. आपल्या गावातल्या पन्नास विहिरींची उन्हाळी पातळी नोंदवून केलेला एक नकाशा कामाच्या वहीत असला, तर मुलाखतीत विचारायला फार काही उरत नाही.

वारसा आणि पर्यटन. जुलै २०२५ मध्ये बारा मराठा किल्ल्यांची युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत नोंद झाली. त्यातले अकरा महाराष्ट्रात आहेत, बारावा तामिळनाडूतला जिंजी. साल्हेर, राजगड, विजयदुर्ग इथे येणाऱ्यांना खरा इतिहास दोन भाषांत सांगणारी माणसं लागतील, माहितीफलक लिहिणारी लागतील. पुढे शिकायचं असेल तर पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्व आहे, मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात संग्रहालयशास्त्र. जागा मोजक्या असतात, हे आधीच सांगून ठेवते.

समाजकार्यात एम.एस.डब्ल्यू., ग्रंथालयात बी.लिब., बँकेत लिपिक आणि अधिकारी पदाच्या परीक्षा: यांना कुठल्याही शाखेची पदवी चालते. त्यांची माहिती सहज मिळते, म्हणून इथे लांबवत नाही. बँकेच्या परीक्षेत गणित आणि तर्काचे प्रश्न असतात एवढं लक्षात ठेवा, आणि दहावीचं गणित पुन्हा उघडा.

## "मी स्पर्धा परीक्षा करतोय"

हे वाक्य मी सर्वांत जास्त वेळा ऐकते. ते ऐकताना मला अभिमान वाटतो आणि भीतीही वाटते.

आकडे आधी बघू. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या २०२४ च्या नागरी सेवा परीक्षेला जवळजवळ १० लाख अर्ज आले. पूर्वपरीक्षेला ५ लाख ८३ हजार जण बसले. मुख्य परीक्षेला १४,६२७ पात्र ठरले, मुलाखतीला २,८४५, आणि शेवटच्या यादीत १,००९ नावं आली. पूर्वपरीक्षेला बसलेल्या साधारण ५७८ जणांमागे एक. ज्याचं नाव आलं त्याचे फ्लेक्स गावभर लागतात. उरलेल्या ५७७ जणांचं काय झालं, हे गाव विचारत नाही.

ते अभ्यासिकेत असतात. पुण्यात खोलीचं भाडं, मेसचा डबा, क्लासची फी; गावाकडून दर महिन्याला पैसे येतात. जाहिरात लांबते, परीक्षा पुढे जाते, निकाल न्यायालयात अडकतो. बावीसचा मुलगा एकोणतिसाचा होतो. त्याच्याकडे प्रचंड माहिती असते, आणि कामाच्या वहीत एकही पान नसतं. झाकून ठेवलेल्या कणकेबद्दल मी बोलत होते ती हीच.

परीक्षा देऊ नका असं मी म्हणत नाही. या परीक्षांनी मेंढपाळाच्या, ऊसतोड कामगाराच्या घरातली मुलं अधिकारी केली आहेत, आणि ती वाट बंद होऊ नये. माझं म्हणणं दोन गोष्टींपुरतं आहे. पहिली, किती प्रयत्न आणि कोणत्या वर्षापर्यंत, हे सुरू करण्याआधी घरच्यांसमोर कागदावर लिहा. माझ्या मते पूर्णवेळ तयारीची दोन, फार तर तीन वर्षं. दुसरी, त्याच काळात एक उभी वाट चालू ठेवा: बाहेरून एम.ए., एल.एल.बी., किंवा अर्धवेळ काम. आणि तयारी करताना साठलेलं ज्ञान वाया जात नाही, जर त्याला रूप दिलं तर. धोरण वाचता येणारी, संविधान समजणारी माणसं स्वयंसेवी संस्थांना, वृत्तपत्रांना, लोकप्रतिनिधींच्या कार्यालयांना हवी असतात.

## "आता एआय सगळं लिहितं, मग भाषेच्या माणसाची गरज कुणाला?"

हा आक्षेप नवा आहे आणि त्यात तथ्य आहे. साधी जाहिरात, ठरावीक पत्र, बातमीचा सारांश हे काम यंत्र चटकन करतं. नुसतं असं लिहून पोट भरणाऱ्यांचं काम कमी होणार.

पण इंग्रजीतला "चार्ज" हा एक शब्द घ्या. दवाखान्याच्या बिलात त्याचा अर्थ शुल्क, पोलीस ठाण्यात आरोप, मोबाइलच्या पुस्तिकेत बॅटरी भरणं, बदलीच्या आदेशात पदभार. चूक झाली तर एका ठिकाणी हसू येतं, दुसऱ्या ठिकाणी माणूस अडकतो. म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाचे निकाल भारतीय भाषांत आणण्यासाठी २०१९ पासून "सुवास" हे यंत्राचं साधन असलं, तरी ते भाषांतर माणसांकडून तपासून घ्यावं लागतं. यंत्राला शिकवायलाही मराठी लागते: वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी बोलणाऱ्यांचा आवाज ऐकून लिहून काढणं, उत्तर बरोबर की चूक ते सांगणं. यंत्राच्या आधी लिहिणारा होता; आता तपासणारा लागतो. तपासणाऱ्याला लिहिणाऱ्यापेक्षा जास्त यावं लागतं, हे मात्र विसरू नका.

## "पगार कमीच ना?"

सुरुवातीला, बहुतेक वाटांवर, हो. लपवून काही उपयोग नाही. भाषांतर, वृत्तपत्र, संस्था, ग्रंथालय यांत पहिली दोन-तीन वर्षं ओढाताणीची असतात. शहरात खोली घेऊन राहायचं तर घरून मदत लागते, आणि ती सगळ्यांना मिळत नाही. म्हणून मी घरची परिस्थिती बघून सल्ला देते. ज्या घरात लगेच पैसे हवेत तिथे आधी बँक किंवा विम्याची परीक्षा, आणि आवडीची वाट संध्याकाळी. हे तडजोडीचं वाटेल, पण उपाशी माणसाला आवड जपता येत नाही.

## मुलींसाठी वेगळं थोडं

"पोरीला बी.ए. करू दे, स्थळ येईपर्यंत." हे वाक्य माझ्यासमोर, मुलगी शेजारी उभी असताना बोललं जातं. कॉलेज गावात, फी कमी, एसटीचा पास सवलतीत, म्हणून तिला कला शाखा. तिला काय हवं हे विचारलेलं नसतं. आणि तरी माझ्या वर्गात पहिल्या बाकावर बसून सगळ्यात जास्त वाचणाऱ्या त्याच असतात.

त्यांच्या पालकांना सांगायचं ते हे. राज्य शासनाने २०२४-२५ पासून, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या ठरावीक प्रवर्गांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं आहे. बी.ए.नंतरचा जो अभ्यासक्रम मनात आहे तो यात बसतो का, हे प्रवेशाआधी संबंधित महाविद्यालयात लेखी विचारा. फी हे कारण उरलं नसेल, तर मग दुसरं कारण काय, ते मुलीशी बोलून ठरवा. आणि लग्न ठरलंच, तर चालू वर्षाचे श्रेयांक पूर्ण करून घ्या. ते तिच्या खात्यावर राहतात आणि नव्या गावातल्या महाविद्यालयातही चालू शकतात.

## तीन वर्षं की चार?

२०२४-२५ ला प्रवेश घेतलेली मुलं २०२७ मध्ये तिसरं वर्ष संपवतील आणि हा प्रश्न त्यांच्यासमोर येईल. थोडक्यात: कायदा, बी.एड., बँक, स्पर्धा परीक्षा यांना तीन वर्षांची पदवी पुरते. प्राध्यापकी किंवा संशोधनात जायचं असेल तर चौथं वर्ष घ्या, त्यानंतर एम.ए. एका वर्षात होतं. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के असतील तर चौथ्या वर्षी संशोधनाचा पर्याय मिळतो. निर्णय होत नाही म्हणून चौथं वर्ष घेऊ नका.

## "माझं बी.ए. होऊन दोन वर्षं झाली, आता?"

आताही जमतं. शासनाची शिकाऊ उमेदवारी फक्त अभियंत्यांसाठी नाही. राष्ट्रीय प्रशिक्षणार्थी योजनेच्या पोर्टलवर बी.ए. झालेल्यांनाही नोंदणी करता येते आणि विद्यावेतन मिळतं. राज्यात २०२४ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधरांना महिना १०,००० रुपये ठरले होते. सध्या कोणत्या जागा आहेत, हे जिल्ह्याच्या कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रात जाऊन विचारा. फोन उचलला जाईलच असं नाही; स्वतः जा. आधारकार्ड, गुणपत्रिका आणि दोन फोटो बरोबर असू द्या.

आणि जाण्याआधी आठ दिवस काढून वहीचं पहिलं पान लिहा. आपल्या गावातल्या एका गोष्टीवर, जी तुम्हाला इतरांपेक्षा जास्त ठाऊक आहे: बाजार, नदी, शाळेची पटसंख्या, जत्रा, आजीची बोली. माणसांना भेटा, आकडे गोळा करा, कोण काय म्हणालं ते तारखेसह लिहून ठेवा. चार पानं झाली की जवळच्या कुठल्याही शिक्षकाकडे घेऊन जा आणि लाल पेनाने तपासून मागा. माझ्याकडे आणलीत तरी चालेल. दुपारी तीननंतर मी स्टाफरूममध्येच असते.